बाबांना ट्रायलमध्ये घालायचं का?

ठाण्यातल्या नौपाड्याहून एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वडील ६३ वर्षांचे, १४ वर्षांपासून मधुमेह, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा) १.८, लघवीतून प्रथिनं जातात. टेल्मिसार्टन आणि डापाग्लिफ्लोझिन या मूत्रपिंड वाचवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. नवी मुंबईतल्या ज्या डॉक्टरांकडे दाखवतात, त्यांनी एका नव्या गोळीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या ट्रायलमध्ये (मान्यतेआधीच्या मोठ्या चाचणीत) यायचं का, असं विचारलं आहे. दोन वर्षांहून जास्त काळ चालेल, तपासण्या मोफत, अर्ध्या जणांना खरी गोळी आणि अर्ध्यांना 'खोटी', म्हणजे आत औषध नसलेली (प्लासिबो). हातात २२ पानांचा मराठी कन्सेंट फॉर्म दिला आहे. घरात वाद सुरू आहे. मोठी बहीण म्हणते बाबांना गिनिपिग बनवू नका, आणि या मुलाला वाटतं की मोफत चांगले उपचार मिळत असतील तर का सोडायचे?

मी फिजिशियन आहे. गेली २२ वर्षं ठाण्यात रुग्ण तपासते आणि त्यातली १५ वर्षं मधुमेह, हृदयविकार व मूत्रपिंडाच्या ट्रायल्समध्ये इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे ट्रायल चालवणारी डॉक्टर, म्हणून काम करते आहे. तेव्हा आधीच सांगते: ताईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि तुमचंही अर्धंच बरोबर आहे.

आधी तुमचं घेते, कारण त्यातली चूक जास्त महागात पडते. ट्रायल म्हणजे मोफत मिळणारा चांगला उपचार नव्हे. उपचार करताना डॉक्टर फक्त तुमच्या बाबांकडे बघून ठरवतो: हा डोस झेपत नाही, कमी करू, ही गोळी लागू पडत नाही, बदलू. ट्रायलमध्ये बरंच काही आधीच कागदावर ठरलेलं असतं. कोणती गोळी मिळणार हे कम्प्युटर ठरवतो, रक्त कधी काढायचं हे प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा आधी लिहिलेला आराखडा, ठरवतो. हे सगळं कशासाठी, तर पाच वर्षांनी याच आजाराचा दुसरा माणूस दारात आला तर त्याला काय द्यावं हे कळावं म्हणून. त्या ज्ञानाचा फायदा तुमच्या बाबांना होईलच असं नाही. कधीकधी होतो. पण 'फायदा होईल' म्हणून सही केली आणि झाला नाही, तर फसवणूक झाल्यासारखं वाटतं, आणि अशी दुखावलेली माणसं मी समोर बसलेली पाहिली आहेत. सही करायची असेल तर 'हे प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे आणि बाबांना त्यात भाग घ्यावासा वाटतो' असं समजून करा.

आता ताईंचं. 'आपल्यावर प्रयोग करतात' ही भीती उगाच आलेली नाही. या देशात पूर्वी संमतीविना, अर्धवट सांगून माणसं घेतली गेली आहेत, आणि त्यातूनच कायदे कडक झाले. पण ताईंना एक विचारा. बाबांच्या डबीतली डापाग्लिफ्लोझिन आली कुठून? या गटातली औषधं मुळात साखर कमी करायला काढली होती. २००८ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी सांगितलं की मधुमेहाचं नवं औषध हृदयाला अपाय करत नाही हे मोठ्या ट्रायलमधून दाखवा. म्हणजे शोधायला निघाले होते अपाय. २०१५ मध्ये याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या ट्रायलचा निकाल आला तेव्हा हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. माझ्या ओळखीच्या कितीतरी डॉक्टरांनी तो पेपर दोनदा वाचला, मीही वाचला. मग लोकांनी मूत्रपिंडाकडे बघायला सुरुवात केली. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनची ४,३०४ रुग्णांवरची ट्रायल फायदा स्पष्ट दिसल्यामुळे मुदतीआधी थांबवावी लागली. त्यातल्या निम्म्या लोकांनी 'खोटी' गोळी घेतली होती. ती माणसं त्यात नसती, तर बाबांना आज ही गोळी कुणी विश्वासाने लिहून दिली नसती. आणि आपल्याकडे २०२० च्या अखेरीस पेटंट संपून स्वस्त ब्रँड आले म्हणून ती नौपाड्यातल्या मेडिकलमध्ये परवडणाऱ्या भावात मिळते.

याच्या उलट गोष्टही सांगितली पाहिजे, तीही मूत्रपिंडाचीच. बार्डोक्सोलोन नावाचं औषध होतं. २०११ च्या एका अभ्यासात ते घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडाचे आकडे सुधारलेले दिसले. मधुमेहाने मूत्रपिंड खराब झालेल्या माणसाचा आकडा वर जातो आहे, हे बघून आम्हा सगळ्यांना आनंद झाला होता. मग दोन हजारांवर रुग्णांची मोठी ट्रायल झाली आणि २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ती बंद करावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर (हृदयाला रक्त नीट पंप न करता येणं) वाढलं होतं. रिपोर्टवरचा आकडा सुधारला आणि माणूस मात्र धाप लागून दवाखान्यात. प्लासिबोचा गट नसता तर कुणालाच कळलं नसतं. मधुमेह, मूत्रपिंड आणि वय या तिन्हींमुळे हार्ट फेल्युअर तसंही होतंच. सगळ्यांनी 'आजार वाढला' म्हटलं असतं आणि गोळी चालू ठेवली असती.

म्हणून 'खोटी गोळी' या शब्दावर मी थोडी अडते. ती मिळाली म्हणजे बाबांना उपचार नाही, असा त्याचा अर्थ होऊ नये. नीट आखलेल्या ट्रायलमध्ये सध्या सिद्ध झालेले सगळे उपचार दोन्ही गटांना चालू राहतात आणि त्यावर एक जादा गोळी मिळते, खरी किंवा प्लासिबो. तुमच्या बाबतीत पहिली गोष्ट हीच तपासा. फॉर्ममध्ये टेल्मिसार्टन किंवा डापाग्लिफ्लोझिन बंद करावी लागेल असं कुठे लिहिलं आहे का? लिहिलं असेल तर तिथेच थांबा आणि कारण विचारा. मूत्रपिंड वाचवणारं सिद्ध औषध काढून त्या जागी अनिश्चित गोळी देत असतील, तर माझ्या वडिलांना मी त्यात जाऊ देणार नाही. दोन्ही औषधं चालू राहणार असतील तर प्रश्न बराच सोपा होतो.

तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर काय होतं ते आपण सगळ्यांनी २०२० मध्ये अनुभवलं. बाळकुमचं कोविड रुग्णालय असो की वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर, नातेवाईक कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी रात्रंदिवस फिरत होते. व्हॉट्सअ‍ॅपवर रक्तगटासकट मेसेज यायचे. मलाही रात्री अकराला फोन यायचे, 'मॅडम, बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा कुठे मिळेल?' मी नंबर द्यायचे, कारण तेव्हा माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. त्याच काळात आयसीएमआरने देशभरातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर नीट तुलना करून बघितली. प्लाझ्मा मिळालेल्यांत न मिळालेल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही, आजार बळावणंही थांबलं नाही. तो निकाल २०२० च्या ऑक्टोबरमध्ये छापून आला, आणि तरी उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा निघायला २०२१ चा मे उजाडला. मधल्या महिन्यांत किती लेकरांनी आपल्या आईवडिलांजवळ बसायचं सोडून रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवले असतील, हे आठवलं की आजही मला वाईट वाटतं. २०२० मध्येच साध्या, स्वस्त डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात हे कळलं. तेही ट्रायलमुळेच.

आता तुमच्या हातातला फॉर्म. २२ पानं बघून घाबरू नका, पण सगळी वाचा, आणि बाबांना वाचू द्या. एका जागी बहुतेक घरं अडखळतात. शेवटच्या पानांवर बाबांचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारलेलं असतं. 'उत्पन्न आणि वारस कशाला विचारतात, मरणार आहे का मी?' असं एका आजोबांनी मला तोंडावर विचारलं होतं. ही माहिती ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची, यासाठी असते. नॉमिनीचं नाव मनापासून विचार करून लिहा. भरपाईच्या सरकारी सूत्रात ८ लाख रुपये ही मूळ रक्कम धरून वय आणि आजाराच्या तीव्रतेप्रमाणे हिशोब होतो. उत्पन्न त्या सूत्रात येत नाही. त्यामुळे बाबा पेन्शनर आहेत म्हणून त्यांचं मोल कमी धरलं जाईल, ही भीती काढून टाका.

२०१९ चे 'न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स' सध्या लागू आहेत. त्यानुसार ट्रायलदरम्यान इजा झाली तर तिचे उपचार मोफत करावे लागतात, ती इजा ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेपर्यंत. गंभीर काही घडलं, म्हणजे नुसतं अ‍ॅडमिट व्हावं लागलं तरी, इन्व्हेस्टिगेटरने २४ तासांत औषध नियंत्रक, कंपनी आणि एथिक्स कमिटी (ट्रायलला मंजुरी देणारी आणि रुग्णांचे हक्क जपणारी समिती) या तिघांना कळवायचं असतं. या कमिटीत किमान सात सदस्य लागतात, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचाच, आणि त्यात एक कायद्याचा जाणकार व एक सामान्य नागरिक असतो. फॉर्मवर कमिटीच्या सेक्रेटरीचा फोन नंबर छापलेला असतो. आम्ही तो का छापतो, तर तुम्ही वापरावा म्हणून. मला न विचारता, माझ्याबद्दल तक्रार करायलासुद्धा.

आणखी एक नंबर बघा. फॉर्मवर 'सीटीआरआय'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल. आयसीएमआरची ही नोंदवही २००७ पासून आहे आणि २०१८ च्या एप्रिलपासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक इंटरनेटवर टाकला की कोणत्या रुग्णालयांत ट्रायल चालू आहे, कोणत्या एथिक्स कमिटीने मंजुरी दिली, सगळं दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे. क्रमांक नसेल तर पुढचं काही बोलूच नका.

पैशाचंही उघड बोलते, कारण कुणी बोलत नाही. ट्रायलसाठी कंपनी रुग्णालयाला आणि इन्व्हेस्टिगेटरला पैसे देते, बहुतेक वेळा प्रत्येक रुग्णामागे आणि प्रत्येक व्हिजिटमागे. मलाही मिळतात. तो करार एथिक्स कमिटी बघते. यात लाजण्यासारखं काही नाही, काम खूप असतं. पण डॉक्टरांना हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचारल्यावर जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका. रुग्णाला मात्र प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई, एवढंच मिळावं. कुणी 'इतके हजार मिळतील' असं आमिष दाखवत असेल तर तो धोक्याचा इशारा समजा.

कायदा चांगला आहे, पण तो पाळणारी माणसं कशी आहेत यावर सगळं ठरतं. काही वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात दुसऱ्या एका स्टडीच्या फाइल्स बघायला गेले होते. शहापूरकडच्या एका आजींचा अंगठा फॉर्मवर होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक त्रयस्थ साक्षीदार हजर लागतो, आणि सहीही त्याचीच लागते. साक्षीदार म्हणून सही होती त्याच स्टडीत काम करणाऱ्या कर्मचाऱ्याची. आजी बाहेर बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरीचं फडकं. मी शेजारी बसून विचारलं, 'आजी, कशासाठी आलात?' त्या म्हणाल्या, 'साखरेची तपासणी फुकट हाय म्हनून.' गोळीचं नाव नाही, दोन गटांचं नाव नाही, नको असेल तर नाही म्हणता येतं हे तर कुणी सांगितलंच नव्हतं. मी ते लेखी कळवलं, त्यांची गोळी सुरू होऊ दिली नाही, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या पुतण्याला बोलावून सगळं पहिल्यापासून समजावलं. त्यांनी 'नको' म्हटलं. साखर तपासून घेतली आणि गेल्या. तो नकार आम्ही फाइलला नोंदवला तेव्हा मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत एवढी स्वच्छ संमतीची प्रक्रिया मी फार कमी वेळा पाहिली आहे.

तुमच्या डॉक्टरांची परीक्षा अशी घ्या. समजावून झाल्यावर ते बाबांना उलट विचारतात का, 'काका, आता तुम्ही मला सांगा, आपण काय करणार आहोत?' माझ्याकडे कळव्याचे एक गृहस्थ होते, वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, 'म्हणजे मी कोणती गोळी घेतोय हे मलाही ठाऊक नसणार आणि तुम्हालाही नाही. मग मला काही झालं तर तुम्ही काय करणार?' यापेक्षा नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. उत्तर असं की तातडीची वेळ आली तर कोड उघडून खरी गोळी होती की प्लासिबो हे बघता येतं, दिवसरात्र कधीही. म्हणूनच रुग्णाला खिशात ठेवायला एक कार्ड देतात. ते पाकिटात हवं, देवघरात नको. बाबा उद्या डोंबिवलीला नातेवाइकांकडे गेले, चक्कर आली आणि तिथल्या नर्सिंग होममध्ये अ‍ॅडमिट झाले, तर त्या डॉक्टरांना स्टडीचं औषध चालू आहे हे कसं कळणार?

याच काकांची पुढची गोष्ट. त्यांना ८४ दिवसांसाठी ९० गोळ्यांची बाटली दिली होती, उशीर झाला तर हाताशी असाव्यात म्हणून सहा जास्त. व्हिजिटला बाटली परत आणायची असते. आमच्या कोऑर्डिनेटरने (ट्रायलच्या व्हिजिट आणि नोंदी सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने) ती ट्रेमध्ये उपडी केली. रिकामी. काका शांतपणे म्हणाले, 'उरलेल्या सहा मी सौ.ना दिल्या, तिलाही शुगर आहे, फुकट कशाला घालवायच्या?' आम्ही त्याच दुपारी काकूंना बोलावलं, रक्त तपासलं, सुदैवाने सगळं ठीक होतं. मग एथिक्स कमिटीला कळवलं. काका ओशाळले, पण चूक आमची होती. गोळी कुणाला देऊ नका, एवढं साधं वाक्य आम्ही २२ पानांत कुठेतरी छापलं होतं, तोंडाने सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी ते घरातल्या बाईमाणसालाही समोर बसवून सांगते.

बाबांसाठी आणखी एक. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, कुणी दिलेली पुडी, भस्म, काढा, सगळं कोऑर्डिनेटरला सांगायचं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवतात माणसं. मूत्रपिंडाच्या स्टडीत वेदनाशामक गोळ्या लपवल्या तर क्रिएटिनिन वाढतं, आम्ही नव्या गोळीला दोष देतो, आणि इकडे मूत्रपिंड खरोखर बिघडत असतं. नवी गोळी पोटॅशियम वाढवणाऱ्या गटातली असेल तर नारळपाणी किती, मिठाऐवजी 'लो सोडियम' मीठ वापरता का, हेही विचारतील. त्याला कंटाळू नका.

तुम्ही कॅन्सरचंही ओझरतं विचारलं आहे. तो माझा प्रांत नाही, तरी एवढं सांगते की तिथे हिशोब वेगळा असतो. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून तयार केलेल्या कार-टी सेल थेरपीच्या (रुग्णाच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याच्या उपचाराच्या) पहिल्या चाचण्या झाल्या आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिला मान्यता मिळाली. बाकीचे उपाय संपलेल्या रुग्णाला जी जोखीम घ्यावीशी वाटेल, ती क्रिएटिनिन १.८ असलेल्या, रोज उपवन तलावावर फिरायला जाणाऱ्या माणसाने घ्यायचं कारण नाही. लहान मुलांत तर आईवडिलांच्या सहीखेरीज सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते.

आणि येण्याजाण्याचं. दोन वर्षांत पंधरा-वीस खेपा होतील. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणजे सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत, ६३ वर्षांचा मधुमेही माणूस, नाश्ता न करता. ग्लुकोजची पुडी आणि डबा बरोबर द्या, सकाळच्या साखरेच्या गोळ्या रक्त दिल्यावर घ्यायच्या की आधी हे आधीच विचारून ठेवा. पहिल्या महिन्यात कुणीतरी सोबत जा. उत्साह ओसरल्यावर, सहाव्या-सातव्या खेपेला, खरी परीक्षा असते. तेव्हा सोडावंसं वाटलं तर सोडता येतं. कारण द्यावं लागत नाही आणि त्या डॉक्टरांकडचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. फक्त गुपचूप गोळ्या बंद करू नका, सांगून बंद करा.

ट्रायल संपल्यावर गोळी मिळत राहील का, हेही आत्ताच विचारा. दुसरा पर्याय नसलेल्या आजारात, औषधाचा फायदा झाला असेल आणि एथिक्स कमिटीने मान्य केलं तर पुढेही मोफत देण्याची तरतूद आहे. बाबांच्या आजारावर इतर औषधं आहेत, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका.

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. ताई काय म्हणते ते त्यात आहे, तुम्हाला काय वाटतं ते आहे, आईला रात्री झोप लागत नाही हेही आहे. बाबा काय म्हणतात ते कुठेच नाही. फॉर्म घरी आणता येतो, सही त्याच दिवशी करावी लागत नाही. चार दिवस तो त्यांच्या उशाशी ठेवा, चष्मा आणि एक पेन्सिल द्या, नाही कळलं तिथे खूण करू द्या. पुढच्या वेळी जाल तेव्हा तुम्ही दोघं भावंडं बाहेर थांबा आणि त्या खुणा घेऊन बाबांना एकट्यांना आत जाऊ द्या.